गावची शाळा (भाग ५) : मास्तरांचा पगार शेतातून

मागच्या भागात आपण १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेपर्यंत आलो होतो. त्याच काळात नागपुरात, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या राजधानीत, आणखी एक योजना शिजत होती. शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांची ही ‘विद्या मंदिर’ योजना.

त्यामागची अडचण खरी होती. प्रांतांच्या तिजोरीत शिक्षणासाठी येणारा पैसा बराचसा अबकारीचा, म्हणजे दारूचा. काँग्रेसला तर दारूबंदी करायची होती. मग खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या कशाच्या जोरावर? शुक्लांनी उत्तर शोधले ते जमिनीत. मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, किंवा गावातल्या ऐपतदारांनी शाळेच्या नावे शेत द्यावे आणि त्या उत्पन्नावर शाळा चालावी. शिक्षकाला महिना १५ रुपये. अशा शिक्षकांसाठी १९३८ मध्ये वर्ध्याला प्रशिक्षण शाळाही निघाली.

पुढे ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगने रान उठवले. इतिहासाच्या पुस्तकांत ही योजना सापडते ती बहुधा या वादापुरतीच. मला तिचा हिशेबच जास्त खटकतो. शेताचे उत्पन्न म्हणजे शेवटी पाऊस. कापूस बुडाला, ज्वारी करपली की मास्तरांचा पगारही बुडणार, आणि नेमक्या त्याच साली आईबापांचेही हात रिकामे असणार. शिवाय दान म्हणून सुपीक काळी जमीन कितीजण देतील? बरड तुकडाच शाळेच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त. ज्या गावात देणाराच नाही, तिथे तर विषयच संपला. १९३९ च्या नोव्हेंबरात प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

गरीब गावाने आपली शाळा आपणच पोसावी, ही कल्पना पूर्व आफ्रिकेतही रुजली. टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक. १९६७ मध्ये त्यांनी स्वावलंबी शिक्षणाचा आराखडा मांडला, त्यात प्रत्येक शाळेला स्वतःचे शेत हवे होते. विद्या मंदिर योजना आठवणाऱ्याला हे सगळे ओळखीचे वाटेल. केनियात ‘हरांबे’च्या, म्हणजे ‘सगळे मिळून ओढूया’च्या, हाकेवर लोकांनी श्रमदानातून आणि वर्गणीतून शाळा उभ्या केल्या. ते कौतुकाचेच, पण इमारतीसाठी, वह्यापुस्तकांसाठी पालकांना सतत खिशात हात घालावा लागत होता. मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळेचे शुल्क काढून टाकले, तेव्हा एकट्या केनियात दहा लाखांहून अधिक मुले नव्याने वर्गात आली. इतकी मुले आईबापांच्या अनास्थेमुळे घरी बसली होती, असे कोण म्हणेल? अर्थात वर्ग तुडुंब भरले, शिक्षक अपुरे पडले. तो खर्च सरकारांनी आधी पुरेसा धरला नव्हता.

आपल्याकडे शेताची जागा लोकवर्गणीने घेतली आहे. गेल्या दहा वर्षांत जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या रंगवलेल्या भिंती आणि ‘डिजिटल’ वर्ग गावकऱ्यांच्या खिशातून झाले. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना आणली. देणगीदाराने वस्तू किंवा सेवा द्यायच्या, रोख रक्कम नाही. त्यातून बाके येतील, संगणक येतील. रिकाम्या जागेवर कायम शिक्षक मात्र कोणताही देणगीदार नेमू शकत नाही. तो सरकारनेच नेमायचा आहे.