प्रत्येक खासदारामागे एक रिअल्टर
घर आणि सत्ता : लेखांक ६

मागच्या लेखांकात ‘रिअल्टर’ या शब्दाची जन्मकथा पाहिली. मिनियापोलिसच्या चार्ल्स चॅडबर्न या दलालाने १९१६ साली तो सुचवला. अमेरिकेत घरांची दलाली करणारा प्रत्येक माणूस रिअल्टर नसतो. १९०८ साली शिकागोत स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आजच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचा, जो सभासद असेल त्यालाच हा शब्द नावापुढे लावता येतो. आज या संघटनेच्या राजकीय ताकदीबद्दल लिहायचं आहे. ही ताकद कशातून येते हे नीट समजून घेतलं नाही, तर अमेरिकेतला घरांचा कायदा समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सहसा चर्चा पैशांपासून सुरू होते, आणि आकडेही तसेच आहेत. २०२२ साली या संघटनेने लॉबिंगवर ८ कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. १९६९ पासून तिचा स्वतःचा राजकीय निधी आहे आणि तो दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना देणग्या देतो. पण पैसा औषध कंपन्यांकडेही आहे आणि बँकांकडेही. यांच्याकडे त्याच्या जोडीला माणसं आहेत, सुमारे १५ लाख सभासद, देशाच्या प्रत्येक मतदारसंघात पसरलेले.

एवढे सभासद येतात कुठून? गावातल्या विक्रीच्या घरांची सामाईक यादी, मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस, पुष्कळ ठिकाणी दलालांच्या स्थानिक मंडळाच्या हातात असते. यादी हवी तर मंडळात या, आणि मंडळात आलात की राज्य संघटनेची व राष्ट्रीय संघटनेची वर्गणीही भरा. धंद्यासाठी आलेला माणूस अशा रीतीने एका राजकीय यंत्रणेचा भाग होतो, त्याला राजकारणात रस असो वा नसो.

काँग्रेसच्या प्रत्येक सदस्यासाठी संघटना एक रिअल्टर नेमून देते. निवड करताना त्या खासदाराशी त्याची आधीपासून ओळख आहे का हे पाहतात. विधेयक मतदानाला आलं की सगळ्या सभासदांना एकाच वेळी हाक जाते आणि खासदाराच्या कार्यालयात त्याच्याच मतदारसंघातून पत्रांचा पाऊस पडतो. ज्याने खासदाराच्या मेहुण्याला घर मिळवून दिलं असेल, शाळेच्या निधीसाठी शेजारी बसून वर्गणी गोळा केली असेल, त्याचा फोन घेतला जातो. वॉशिंग्टनमधल्या पगारी लॉबिस्टला हे जमणं अवघड.

स्थानिक पातळीवर हे काम आणखी बारीक असतं. नगर परिषदेने ठरवलं की घर विकण्याआधी मालकाने सांडपाण्याची वाहिनी तपासून घ्यावी, की सभेला रिअल्टर हजर. घराच्या हस्तांतरणावर कर लावायचा म्हटलं, की विरोधाची मोहीम सुरू. हा कर आपल्या मुद्रांक शुल्काच्या जातीचा, म्हणून मराठी वाचकाला लगेच कळेल. मिसुरी राज्यात २०१० साली रिअल्टरांच्या पाठबळाने सार्वमत झालं आणि असा नवा कर कधीही लावता येणार नाही, अशी तरतूद थेट राज्यघटनेत घातली गेली. त्या वेळी मिसुरीत असा कर अस्तित्वातच नव्हता! न आलेल्या कराला आधीच दार बंद करण्याइतकी दूरदृष्टी या लोकांकडे असते.

राष्ट्रीय पातळीवरचा मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग बँकांचा आहे. २००१ च्या सुमारास फेडरल रिझर्व्ह आणि अर्थखात्याने एक नियम सुचवला, की मोठ्या बँकसमूहांना घरांच्या दलालीत उतरू द्यावं. तो नियम रद्द करून घेण्याच्या फंदात संघटना पडली नाही. तिने वार्षिक खर्चमंजुरीच्या विधेयकात एक छोटं कलम घालून घेतलं : हा नियम अंतिम करण्यासाठी अर्थखात्याने एक पैसाही खर्च करू नये. पुढच्या वर्षी पुन्हा तेच कलम, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. २००९ साली ही बंदी कायमची झाली. बँका जोखीम वाढवतील, या संघटनेच्या युक्तिवादात तथ्य होतं. पण दलालीचा दर खाली आणू शकेल असा एक प्रतिस्पर्धी ग्राहकाला दिसण्याआधीच बाजारातून बाहेर गेला, हेही तितकंच खरं.

गृहकर्जाच्या व्याजावरची करवजावट हा त्यांचा जुना गड. आपल्याकडे जुन्या करप्रणालीत राहत्या घरासाठी २ लाख रुपयांपर्यंतचं व्याज वजा होतं. तिकडे मर्यादा कर्जाच्या रकमेवर असते, आणि ती १० लाख डॉलर होती. २०१७ च्या करसुधारणेत प्रतिनिधीगृहाच्या मसुद्याने ती ५ लाखांवर आणायचं ठरवलं. संघटनेने जोरदार विरोध केला, शेवटी ७.५ लाखांवर तडजोड झाली. त्याच कायद्याने सरसकट मिळणारी वजावट जवळपास दुप्पट केली, त्यामुळे बहुतेक कुटुंबांना व्याजाचा वेगळा हिशेब मांडण्याची गरजच उरली नाही. गडाच्या भिंती उभ्या राहिल्या, आतली वस्ती मात्र विरळ झाली.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेखांक मुख्यतः लिहितो आहे, त्याकडे येतो.

१९२४ साली संघटनेच्या आचारसंहितेत एक कलम घातलं गेलं. ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या मालमत्तेचे भाव उतरतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या माणसांना रिअल्टरने तिथे आणू नये, असा त्याचा आशय. म्हणजे कृष्णवर्णीय कुटुंबाला गोऱ्या वस्तीत घर दाखवणं हा व्यावसायिक नीतीचा भंग ठरला. वंशाचा उल्लेख निघायला १९५० उजाडलं. कृष्णवर्णीय दलालांना या संघटनेची दारं बंद होती, म्हणून त्यांनी १९४७ साली स्वतःची वेगळी संघटना काढली आणि सभासदांना ‘रिअल्टिस्ट’ हे नाव दिलं.

१९६३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने घर विकताना व भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा केला. तो मांडणारे विल्यम बायरन रम्फर्ड हे बर्कलीचे कृष्णवर्णीय आमदार, पेशाने औषधविक्रेते. राज्यातल्या रिअल्टरांच्या संघटनेने सह्या गोळा केल्या आणि हा कायदा निष्प्रभ करणारी घटनादुरुस्ती, प्रपोझिशन १४, सार्वमताला आणली. प्रचारात वंशाचं नाव काढायचं नाही, मालकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलायचं, अशी भाषा. आपलं घर कुणाला विकायचं हे मालकाने ठरवावं, असं शेजारच्या ओळखीच्या दलालाने सांगितलं की ते शहाणपणाचं वाटतं. ३ नोव्हेंबर १९६४ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नागरी हक्क कायद्यावर सही करणाऱ्या लिंडन जॉन्सनना मोठ्या मताधिक्याने कौल दिला, आणि त्याच मतपत्रिकेवर सुमारे ६५ टक्क्यांनी प्रपोझिशन १४ मंजूर केलं.

सांता आना शहरात लिंकन आणि डोरोथी मल्की या कृष्णवर्णीय दांपत्याला भाड्याने घर नाकारलं गेलं होतं. त्यांचा खटला वर गेला. १९६६ साली राज्याच्या आणि १९६७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. देशाच्या न्यायालयातला निकाल होता पाच विरुद्ध चार. एका मताचा फरक! राष्ट्रीय संघटना पुढच्या वर्षीच्या केंद्रीय समान गृहनिर्माण कायद्यालाही विरोध करत राहिली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यात, ११ एप्रिल १९६८ रोजी, त्या कायद्यावर सही झाली.

नोव्हेंबर २०२० मध्ये संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष चार्ली ऑपलर यांनी या साऱ्याबद्दल जाहीर माफी मागितली. ती मागायला अर्धशतक लागलं, पण ती मोलाची आहे, असं मी मानतो. आज ही संघटना समान गृहनिर्माण कायद्याच्या बाजूने उभी राहते. यंत्रणा मात्र तीच राहिली. करोनाकाळात भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर केंद्राने स्थगिती आणली, तेव्हा तिच्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत अलाबामाच्या रिअल्टरांची राज्य संघटना पुढे होती. २६ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती स्थगिती उठवली. भाडं थकलेल्या छोट्या घरमालकाची अडचणही खरी होती. पण त्या स्थगितीच्या आधाराने घरात राहिलेल्या भाडेकरूंसाठी कुठल्याच खासदारामागे कुणी नेमलेलं नव्हतं.

संसदेत इतकी पारंगत असलेली ही संघटना दोन वर्षांनी मिसुरीतल्याच कॅन्सस सिटीत सामान्य नागरिकांच्या ज्यूरीसमोर उभी राहिली. प्रश्न होता घर विकणाऱ्याने खरेदीदाराच्या दलालाची दलाली का द्यायची. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ज्यूरीने सुमारे १७८ कोटी डॉलरांच्या भरपाईचा निकाल दिला. त्या खटल्याची हकीकत पुढच्या आठवड्यात.