घरी शिकणाऱ्या मुलांना इतिहास कोणता शिकवायचा?

शिनोलीच्या आमच्या गटात एक ताई आहेत. आजारपणामुळे त्यांच्या मुलाची शाळा सुटली, म्हणून त्या त्याला घरीच शिकवतात. इतिहासासाठी त्यांनी कुणाचं तरी जुनं पुस्तक आणलं आणि सहा महिने पाठ करून घेतलं. मग कळलं, ज्या परीक्षेला त्याला बसायचंय तिची पुस्तकं वेगळीच आहेत. पोरगं रडलं, आईही रडली.

म्हणून आधी परीक्षा ठरवा, पुस्तक नंतर. मूल पुन्हा गावच्या शाळेत जाणार असेल, तर बालभारतीचंच पुस्तक घ्या. बाहेरून परीक्षा द्यायची असेल, तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थाही आहे. दोन्हींचा अभ्यास वेगळा, आणि वयाची अटही असते. अर्ज भरण्याआधी केंद्रावर जाऊन विचारा.

बालभारतीच्या पुस्तकांचा क्रम बरीच वर्षं असा आहे: चौथीला शिवाजी महाराज, पाचवीला आदिमानव, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला इंग्रजांचं राज्य आणि स्वातंत्र्यलढा. आता अभ्यासक्रम बदलतो आहे, तेव्हा पुस्तकावरचं छपाईचं वर्ष नक्की बघा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ही पुस्तकं फुकट मिळतात. गटात एकीकडे चांगला मोबाईल असला तरी भागतं.

पण परीक्षेपुरतं पाठ करून घेतलं म्हणजे इतिहास आला, असं आम्हाला वाटत नाही. पुस्तक चांगलं की नाही हे कसं ओळखायचं? "हे कशावरून कळलं?" असं मुलानं विचारलं, तर पुस्तकात उत्तर सापडलं पाहिजे.

नाणेघाटाचंच बघा. तिथला दगडी रांजण जकातीचा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ही झाली सांगोवांगीची गोष्ट. आणि गुहेच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेला लेख आहे, तो पुरावा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानतात. यज्ञ केले, गाई, घोडे, हत्ती, नाणी दान दिली, असा हिशेब त्यात आहे. तिथं राजघराण्याचे पुतळेही होते. ते गेले, पण नावं राहिली, आणि त्यांत राणीचंही आहे. आपल्या मुलींना हे दाखवायला नको का? पुस्तकात बायकांची नावं किती येतात, तेही एकदा मोजून बघा.

शिवनेरी, लेण्याद्री जवळच आहेत. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झालेले बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आठवीचा धडा त्यांच्यापासून सुरू केला, तर मुलं कान देऊन ऐकतात.

त्या ताईंचा मुलगा आता बरोबर पुस्तक वाचतो. मध्येच त्यानं आजीला विचारलं, डिंभे धरणात जुनं आंबेगाव कधी बुडालं? आजीनं एक साल सांगितलं, मामानं दुसरं. आता तो घरातल्या पेटीत पुनर्वसनाचे कागद शोधतोय.