होलिवेलचे भूत आणि विशेषनामांची साक्ष

इंग्लंडमधील केंब्रिजशर परगण्यात, ग्रेट ऊज नदीच्या काठी, होलिवेल नावाचे खेडे आहे. तेथील ‘फेरी बोट इन’ हे पानगृह देशातील अतिप्राचीन पानगृहांपैकी एक म्हणून ओळखले जाते. त्याच्या जमिनीत एक जुनी शिळा असून ती ज्यूलिएट ट्यूस्ली नामक तरुणीच्या थडग्याची होय, असे सांगतात. टॉम नावाच्या लाकूडतोड्याने प्रेमाचा अव्हेर केल्यामुळे तिने १७ मार्च १०५० रोजी नदीकाठी गळफास लावून घेतला. आत्मघातामुळे पवित्र भूमीत जागा न मिळाल्याने तिला तेथेच पुरले. आणि दरवर्षी त्या रात्री तिचे भूत शिळेवरून उठून नदीकडे जाते, अशी ही आख्यायिका आहे.

भूत असते की नाही, हा भाषाशास्त्राचा प्रश्न नव्हे. तथापि आख्यायिका जेव्हा नाव आणि सन दोन्ही सांगते, तेव्हा त्यांचा परस्परांशी मेळ बसतो काय, हे पाहणे भाषाशास्त्राचे काम ठरते.

इ. स. १०५० हे वर्ष नॉर्मन विजयाच्या, म्हणजे १०६६ च्या, पूर्वीचे आहे. त्या काळी इंग्रज स्त्रियांची नावे बहुधा दोन पदांच्या समासाने बनत. उदाहरणार्थ गॉडगिफू, म्हणजे ‘ईश्वराची देणगी’. ‘ज्यूलिएट’ हे रूप इटालियन ‘ज्युलिएत्ता’शी संबद्ध असून इंग्रजीत ते सर्वपरिचित झाले ते १५६२ सालचे आर्थर ब्रुकचे काव्य आणि १५९७ साली प्रथम छापलेले शेक्सपिअरचे नाटक यांमुळे. ‘टॉमस’ हे नाव नॉर्मनपूर्व इंग्लंडात धर्मोपदेशकांपुरते मर्यादित होते. ११७० साली टॉमस बेकेटचा वध झाल्यानंतर ते लोकप्रिय झाले. वंशपरंपरागत आडनावे तर नॉर्मन विजयानंतरच हळूहळू रूढ झाली. तिथीचीही तीच गत आहे. १७५२ साली इंग्लंडने पंचांग सुधारताना अकरा दिवस गाळले. तेव्हा आजची १७ मार्चची रात्र ही मूळ रात्रीची खरी वार्षिक आवृत्ती नव्हे.

यावर असा आक्षेप संभवतो की, घटना जुनी असून नावे तेवढी मागाहून बदलली असतील. मौखिक परंपरेत असे घडते, हे मान्यच केले पाहिजे. म्हणून उपरोक्त पुराव्यावरून शिळेखाली कोणी पुरलेले नाही, असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, नाव आणि सन ही दोन्ही एकाच काळची साक्ष नव्हेत. तपशिलाचा नेमकेपणा म्हणजे प्रामाण्य नव्हे.

मात्र कथेचा एक भाग निखालस खरा आहे. आत्मघात करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची प्रथा इंग्लंडात शतकानुशतके होती. त्यांना हमरस्त्यावर पुरण्याची चाल १८२३ च्या कायद्याने बंद झाली. तरीही दफन रात्री नऊ ते बारा या वेळेतच, धर्मविधीवाचून करावे लागे. अशा कितीएक दुर्दैवी जीवांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. होलिवेलच्या आख्यायिकेने त्यांपैकी एकीला नाव दिले. ते नाव ऐतिहासिक नसेल. परंतु ज्या बहिष्काराची आठवण ते वाहते, तो बहिष्कार ऐतिहासिकच आहे.