गोधडीस कोणती टीप घालावी?

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. या भागात मराठी व कन्नड दोन्ही भाषा नांदतात. एका घरी जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तीच कन्नड भाषिक घरी कौदी होते. नाव कोणतेही असो, जुनी लुगडी व धोतरे यांचे थर शिवून केलेले हे पांघरूण रब्बी ज्वारीच्या राखणीस जाणाऱ्या शेतकऱ्याचा थंडीतील आधार आहे.

हाताच्या धावदोऱ्यास बरेच दिवस लागतात. शिवणयंत्रावर तेच काम लवकर उरकते. मात्र टिपेची निवड चुकल्यास गोधडी टिपेच्या रेषेवरच फाटते. प्रत्येक टाक्यागणिक सुई कापडास एक छिद्र पाडते. टाके बारीक व दाट असल्यास छिद्रे जवळजवळ येतात आणि विरलेले कापड तेथून उसवते. म्हणून जुन्या कापडास लांब टाक्याची सरळ टीप घालावी. एका इंचात सहा ते आठ टाके पुरेत. दोन टिपांत चार बोटे अंतर राखावे.

टिपा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना धरून चौकटीत घालाव्यात. तिरप्या टिपेत कापड ताणले जाऊन आकार बिघडतो. नागमोडी टीप, यंत्रात सोय असल्यास, ठिगळांच्या कडांपुरती वापरावी.

यंत्राचे दात खालचा थर पुढे ओढतात, तर वरचा थर पावलाखाली मागे रेंगाळतो. त्यामुळे चुण्या पडतात. यासाठी सर्व थर प्रथम कच्च्या दोऱ्याने टाचावेत, पावलाचा दाब कमी करावा व मध्यापासून कडांकडे शिवत जावे. एक बाजू गुंडाळून यंत्राच्या दांड्याखाली ठेवल्यास ओझे हाताळणे सोपे जाते. सुई सोळा क्रमांकाची व दोरा सुती असावा. नवे कापड वापरायचे असल्यास ते आधी भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे आटून गोधडी आखडणार नाही.

शिवण्यापूर्वी तितक्याच थरांच्या चिंधीवर टीप घालून पाहावी. वरचा दोरा ताठ रेषेसारखा दिसल्यास वरचा ताण सैल करावा. ग्रामकार्यकर्त्यांनी बचत गटांत हे प्रात्यक्षिक अवश्य दाखवावे. घरची जुनी वस्त्रे पुन्हा मिळणारी नसतात. योग्य टिपेने त्यांचे आयुष्य वाढते.