मेक्सिकोचा शिकारी, पुण्याची खिडकी

कीटकभक्षी झाड घरात हवं म्हटलं की बहुतेकजण व्हीनस फ्लायट्रॅप मागतात. मी त्यांना बटरवर्ट घ्यायला सांगते. फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या पाणथळ जागांमधला. त्याला दरवर्षी काही महिने खरीखुरी थंडी लागते आणि ती आपल्या फ्लॅटमध्ये मिळत नाही. मेक्सिकोतल्या डोंगरकपारींत वाढणारं बटरवर्ट विश्रांती घेतं ते हवा कोरडी पडली म्हणून. पावसाळ्यात ओल, हिवाळ्यात कोरड, हा क्रम दख्खनच्या अंगवळणीच पडलेला आहे.

माझ्या पूर्वेच्या खिडकीत ‘पिंग्विक्युला मोरानेन्सिस’ हे बटरवर्ट आहे. कुंडीलगत पसरलेली फिकट हिरवी पानं, बोट लावलं तर तुपाचा हात लागावा तशी. भिंगातून पाहिलं की बारीक देठांच्या ग्रंथी दिसतात, प्रत्येकीच्या टोकाला चिकट थेंब. शेजारच्या कुंड्यांतल्या ओल्या मातीवर घोंगावणारी चिलटं त्यात अडकतात. मग पानालगतच्या बिनदेठाच्या ग्रंथी पाचक रस सोडतात, कीटकाचं मऊ अंग विरघळतं, त्यातला नायट्रोजन पान शोषून घेतं. काळं टरफल तेवढं उरतं. चार्ल्स डार्विनने 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्यात बटरवर्टला स्वतंत्र प्रकरण दिलं. पानांवर मांसाचे कण ठेवून त्याने पानांच्या कडा आत वळताना पाहिल्या होत्या.

शेणखत, गांडूळखत यांतलं काही कुंडीत घालू नये. अन्न पानांतून मिळतं, मुळं अगदी नाजूक असतात. परलाइट, व्हर्मिक्युलाइट आणि धुतलेली जाड वाळू पुरते. पाणी पावसाचं, आरओचं किंवा डिस्टिल्ड. बोअरचं पाणी मात्र नको, त्यातले क्षार कुंडीत साठत जातात. उजेड भरपूर हवा, पण एप्रिल-मेचं दुपारचं ऊन पानं भाजून काढतं, तेव्हा मी कुंडी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवते.

दिवाळीनंतर मोठी पानं जाऊन मधोमध लहान, मांसल, बिनचिकट पानांचा गुच्छ होतो. झाड मेलं समजून लोक इथेच पाणी वाढवतात आणि गड्डा कुजतो. या दिवसांत माती जेमतेम ओलसर असली तरी भागतं.

बटरवर्टचे नातलग आपल्याकडेही आहेत. कास पठारावर निळी-जांभळी फुलणारी सीतेची आसवं बटरवर्टच्याच कुळातली. जमिनीत दडलेल्या सूक्ष्म फुग्यांनी ती शिकार करतात. ती उपटून कुंडीत लावायचा मोह कुणाला होऊ नये. पठाराचा तो पातळ, पाझरता थर घरात उभा करता येत नाही, आणि त्यांचं आयुष्यही एका पावसाळ्याचंच असतं.

बटरवर्टचं तसं नाही. हिवाळ्यातलं एखादं मांसल पान बुडाच्या पांढऱ्या भागासकट हलकेच सोडवायचं आणि ओल्या वाळूवर ठेवायचं. काही आठवड्यांत तिथे नवं रोप फुटतं. त्यामुळे नर्सरीत शोधत बसण्यापेक्षा डिसेंबरात कुणाकडून तरी चार पानं मागून आणावीत.