'साने गुरुजी : जीवन आणि साहित्य' या विषयातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

पेटची तयारी करणाऱ्या वडूज परिसरातल्या मुलामुलींना विषय विचारला, की 'साने गुरुजी : जीवन आणि साहित्य' हे उत्तर हमखास येतं. आवड चांगली आहे. पण मुलाखतीत पुढचा प्रश्न येतो, "यात तुम्ही नवीन काय शोधणार?" आणि तिथे गाडी अडते. आज याच उदाहरणावरून विषय आणि प्रश्न यातला फरक पाहू.

१. आधी तारखा मांडा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगडला झाला. दापोलीनंतर ते शिकायला औंधला आले, म्हणजे आपल्याच खटाव तालुक्यात, आणि तिथून पुण्याला गेले. १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बराचसा भाग लिहिला. 'पत्री' या कवितासंग्रहाच्या प्रती सरकारने जप्त केल्या.

आता हा क्रम नीट बघा. 'श्यामची आई' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं 'शिकवणं', पण ते शाळा सोडल्यावरचं आहे. आणि त्या पुस्तकाची रचना आठवा. बेचाळीस रात्री, एक सांगणारा, भोवती ऐकणारे मित्र. हे चित्र वसतिगृहातल्या संध्याकाळीसारखं वाटत नाही का? शाळा सुटली, पण सांगण्याची रीत तुरुंगातही टिकली, असं मला वाटतं. हे अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणूनच तो संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो : 'वसतिगृहातल्या शिकवण्याच्या रीतीचा श्यामच्या पुस्तकांच्या रचनेशी काय संबंध आहे?'

२. श्याम म्हणजे साने गुरुजी नव्हेत

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. औंधच्या दिवसांची माहिती हवी म्हणून आपण 'धडपडणारा श्याम' उघडतो. त्यातले प्रसंग 'जीवन' या प्रकरणात घालतो. मग 'साहित्य' या प्रकरणात लिहितो, की हे लेखन अनुभवातून आलं आहे. पुरावा काय? तर पहिलं प्रकरण! म्हणजे पुस्तकावरून आयुष्य आणि त्याच आयुष्यावरून पुस्तक. हे वर्तुळ परीक्षक लगेच पकडतात.

यातून बाहेर पडायला पुस्तकाबाहेरचा पुरावा लागतो : पत्रं, त्या काळची नियतकालिकं, शाळेची कागदपत्रं, समकालीनांच्या आठवणी. आणि औंधचा काळ तपासायचा तर तुम्ही पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त जवळ आहात. कागद मिळाला नाही, तर श्यामचा प्रसंग 'आत्मकथनात्मक कादंबरीतला प्रसंग' म्हणूनच नोंदवा.

३. तुलना करा, पण जपून

कवी, शिक्षक आणि राष्ट्रवादी असं दुसरं उदाहरण आयर्लंडमध्ये सापडतं, पॅट्रिक पिअर्स. १९०८ मध्ये त्यांनी डब्लिनजवळ सेंट एन्डाज ही शाळा काढली. तिथे आयरिश भाषेला मानाचं स्थान होतं. इंग्रजी धाटणीचं शिक्षण मुलांचा आत्मा मारतं, अशी कडक टीका त्यांनी केली. १९१६ च्या ईस्टर उठावात स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनी वाचला आणि ३ मे रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

दोघांच्या मध्ये रवींद्रनाथ येतात. १९१३ मध्ये पिअर्स यांच्या शाळेच्या मदतीसाठी डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये टागोरांचं 'डाकघर' हे नाटक झालं. इकडे साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या कल्पनेमागे विश्वभारतीची प्रेरणा होती. पण थांबा! यावरून पिअर्स यांचा गुरुजींवर प्रभाव पडला असं म्हणता येत नाही. साम्य ही एक गोष्ट, प्रभाव ही दुसरी. प्रभाव म्हणायचा तर त्यांनी काय वाचलं, कधी वाचलं, ते दाखवावं लागतं. फरकही तितकेच महत्त्वाचे. पिअर्स यांनी स्वतःची शाळा काढली आणि हाती शस्त्र घेतलं. गुरुजींनी दुसऱ्यांच्या शाळेत नोकरी केली आणि सत्याग्रहाचा मार्ग धरला.

४. प्रतिमेच्या मागे बघा

'मातृहृदयी' हा शब्द आपण इतक्यांदा वापरतो, की दुसरे गुरुजी दिसतच नाहीत. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून १ ते १० मे १९४७ या काळात उपोषण करणारा माणूस हळवा होता, पण नुसता हळवा नव्हता. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं आणि ११ जून १९५० ला स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. या शेवटच्या वर्षांतलं लेखन 'श्यामची आई'च्या शेजारी ठेवून वाचा. शिक्षक तोच आहे, पण त्याचा वर्ग आता अख्खा समाज आहे. मग सांगण्याचा सूर बदलला का? हा दुसरा प्रश्न.

तर सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एवढं करा. एका पानावर तारखा लिहा. दुसऱ्या पानावर प्रत्येक विधानासमोर पुरावा लिहा. जिथे पुराव्याची जागा रिकामी राहील किंवा दोन पुरावे एकमेकांशी भांडतील, तिथे खूण करा. तुमचा प्रश्न बहुतेक त्या खुणेपाशीच सापडेल.