भरतखंडाचा प्रवास

संस्कृतांत पृथ्वीला ‘अचला’ असें एक नांव आहे. घर बांधणारा पाया खणतो तो या अचलत्वावर भिस्त ठेवूनच. भूगर्भशास्त्राचा निर्वाळा मात्र निराळा आहे. मुंबई, पुणें, नागपूर ज्या जमिनीवर वसलीं आहेत, ती दरवर्षीं सुमारें ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. बोटांचीं नखें वाढतात त्याहून हा वेग किंचितच अधिक.

भूखंडें सरकतात, हें मत जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यानें १९१२ सालीं विद्वानांपुढें मांडलें. आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा फाटलेल्या कागदाच्या दोन तुकड्यांसारखे जुळतात. खडकांतील पुरावा याहून बळकट होता. ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे भरतखंड, आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया या चारही ठिकाणीं सांपडतात. चंद्रपूरजवळ इरई येथील चुनखडकावर तर हिमनदीनें ओढलेले ओरखडे आहेत. जेथें उन्हाळ्यांत अंगाची लाही होते, तेथें सुमारें ३० कोटि वर्षांपूर्वीं बर्फ सरकत होतें! हीं सर्व भूखंडें दक्षिण ध्रुवाभोंवतीं एकत्र होतीं असें मानलें, कीं कोडें सुटतें. या खंडसमूहाला गोंडांच्या प्रदेशावरूनच ‘गोंडवन’ हें नांव मिळालेलें आहे.

तरीही बहुतेक विद्वानांनीं वेगेनरचें म्हणणें मानलें नाहीं. एवढें अवजड भूखंड ढकलतें कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि वेगेनरनें सुचविलेल्या शक्ति त्या कामास फारच दुबळ्या होत्या. १९३० सालीं ग्रीनलंडच्या बर्फांत त्याचा अंत झाला, तेव्हां हा प्रश्न अनुत्तरितच होता.

उत्तर सांपडलें तें समुद्राच्या तळाशीं. अटलांटिक महासागराच्या मध्यभागीं उत्तर-दक्षिण पसरलेली एक पर्वतरांग आहे. तेथें तप्त शिलारस वर येतो, थिजतो आणि दोहों बाजूंस सरकत जातो, असें अमेरिकेच्या हॅरी हेस यांनीं १९६२ सालीं मांडलें. थिजतांना हा खडक पृथ्वीच्या चुंबकत्वाची तत्कालीन दिशा जपून ठेवतो, आणि ही दिशा अनेकदां उलटलेली आहे. त्यामुळें त्या रांगेच्या दोन्ही अंगांस सारखेच चुंबकीय पट्टे उमटतात. १९६३ सालीं व्हाइन व मॅथ्यूज यांनीं या पट्ट्यांचा अर्थ उलगडला आणि शंकेला जागा उरली नाहीं. पृथ्वीचें कवच अनेक प्रचंड भूपट्टांचें बनलेलें आहे. जुना, थंड व जड झालेला सागरतळ खोल गर्तांत बुडतो आणि आपल्यामागें सारा पट्ट ओढतो. भूखंड आपण होऊन चालत नाहीं. नौकेंत बसलेल्या उतारूप्रमाणें तें वाहून नेलें जातें.

भरतखंडाचा प्रवास यांत विलक्षण. सुमारें ८ कोटि ८० लक्ष वर्षांपूर्वीं तें मादागास्करपासून सुटलें. ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, विषुववृत्ताच्या दक्षिणेस असतांना, त्याच्या भेगांतून लाव्हा उसळला. त्याच्याच थरांवर थर साचून सह्याद्रीचे काळे, पायऱ्यापायऱ्यांचे कडे झाले. त्या सुमारास त्याचा वेग वर्षास १५ सेंटिमीटरांवर गेला होता. सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं तें आशियावर आदळलें आणि मधल्या समुद्राचा गाळ दुमडून उंचावला. म्हणूनच एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकांत सागरी जीवांचे अवशेष मिळतात.

ही टक्कर अद्याप संपलेली नाहीं. हिमालयाखालीं खडक अडून राहतात, ताण सांचत जातो आणि एके दिवशीं सुटतो. १९३४ चा बिहारचा, १९५० चा आसामचा, २०१५ चा नेपाळचा भूकंप, हे सर्व याच प्रवासांतील धक्के होत. पुढच्या धक्क्याचा दिवस शास्त्राला सांगतां येत नाहीं. परंतु तो कोठें बसण्याचा संभव आहे हें तें सांगूं शकतें. त्या प्रदेशांत पाया खणणारानें भूमीला अचल न मानतां घर बांधावें, एवढा बोध या कोट्यवधि वर्षांच्या कथेंतून घेतला, तरी पुष्कळ प्राण वांचतील.